थॅलसेमियाच्या घरातील निरोगी भावंड

हैदराबादच्या नैऋत्येला, राष्ट्रीय पोलीस अकादमीमुळे ठाऊक असलेल्या शिवरामपल्ली परिसरात, थॅलसेमिया अँड सिकल सेल सोसायटी या संस्थेचे केंद्र आहे. बाधित मुलांचे पालक, डॉक्टर आणि काही दानशूर मंडळी यांनी मिळून १९९८ साली ही संस्था उभी केली. ज्यांना जगण्यासाठी आयुष्यभर दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते, अशी मुले तेथे ठरावीक दिवशी येतात, काही तास खाटेवर पडून राहतात आणि घरी परततात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड, लातूर, बीदर या पट्ट्यातील कुटुंबांना मोठ्या दवाखान्यासाठी आजही मुंबई-पुण्याच्या आधी हैदराबाद आठवते. गोमंतकीयांनाही हे शहर परके नाही. डोळ्यांच्या उपचारांसाठी एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेची वाट धरणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत आणि आता वास्कोहून थेट सिकंदराबादला जाणारी गाडीही आहे.

अशा केंद्रांत येणाऱ्या प्रत्येक मुलाची एक फाईल असते. हिमोग्लोबिन किती, फेरिटिन किती, यकृत व प्लीहा किती वाढली, उंची किती खुंटली, याच्या नोंदी तीत वर्षानुवर्षे साठत जातात. त्या मुलाला सख्खे भावंड असेल, तर त्याचा उल्लेख या फाईलमध्ये सहसा दोनच ठिकाणी येतो. एक, ते भावंड या आजाराचे वाहक आहे का; आणि दोन, त्याची अस्थिमज्जा जुळते का. या दोन तपासण्यांपलीकडे ते मूल कसे वाढते आहे, त्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याची नोंद ठेवण्यासाठी फाईलमध्ये रकानाच नसतो. घरातही बहुधा तो नसतो. प्रस्तुत लेख त्या भावंडाविषयी आहे.

प्रथम आजार समजून घ्यावा लागेल, कारण भावंडाचे बालपण आजाराच्या स्वरूपावरच ठरते. थॅलसेमियात हिमोग्लोबिन तयार करण्याचा जनुकीय आदेशच सदोष असतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर त्यांना स्वतःला फारसा त्रास नसतो. मात्र प्रत्येक गर्भधारणेत मूल गंभीर स्वरूपात बाधित होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के असते. बाधित मूल जन्मतः ठणठणीत दिसते. पहिल्या दोन वर्षांत केव्हा तरी ते पांढरेफटक पडू लागते, दूध घेईनासे होते आणि मग निदान होते. भारतात साधारणतः ३ ते ४ टक्के लोक वाहक आहेत आणि दरवर्षी सुमारे १० हजारांहून अधिक मुले हा आजार घेऊन जन्माला येतात, असे मानले जाते. वाहकांचे प्रमाण अधिक असलेल्या समाजांची जी यादी वैद्यकीय लेखनात वारंवार येते, तीत सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली, लोहाणा यांच्याबरोबर कोळी आणि सारस्वत यांचीही नावे आहेत, हे गोव्यातील वाचकांनी ध्यानात ठेवलेले बरे. अर्थात कोणताही समाज यातून वगळलेला नाही. नात्यातच लग्ने करण्याची प्रथा जेथे आहे, तेथे जोखीम आणखी वाढते. तेलंगणात मामा-भाचीची आणि आते-मामेभावंडांची लग्ने आजही होतात. आपल्याकडेही मामेबहिणीशी लग्न ही काही ऐकिवात नसलेली गोष्ट नव्हे.

दर तीन आठवड्यांनी येणारा दिवस

उपचार दोन प्रकारचे. पहिला, दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढविणे. दुसरा, चढविलेल्या रक्तातून शरीरात साचणारे लोह बाहेर काढणे. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची नैसर्गिक सोय मानवी शरीरात जवळपास नाहीच. ते हृदयात, यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत साचते. पूर्वी या मुलांचा अंत बहुधा हृदयात साचलेल्या लोहामुळे होत असे. त्यावरचे जुने औषध म्हणजे डेफेरोक्सामिन. ते पोटाच्या कातडीखाली सुई टोचून छोट्या पंपाने ८ ते १२ तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागे. पुढे तोंडावाटे घेण्याची डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स ही औषधे आली. त्यांपैकी डेफेरिप्रोन १९९० च्या दशकात भारतात उपलब्ध झाले, तेव्हा जगातील अनेक श्रीमंत देशांत ते अद्याप मिळत नव्हते. पंपाच्या काळात एका खोलीत झोपणाऱ्या भावंडांपैकी एकाच्या पोटाला सुई असे आणि दुसरे पंपाचा आवाज ऐकत झोपी जाई. गोळ्यांमुळे हे चित्र पालटले असले, तरी रोजचे औषध, रोजची आठवण आणि त्यावरून होणारी रोजची कुरबुर संपलेली नाही.

आता रक्त चढविण्याच्या दिवसाकडे निरोगी भावंडाच्या बाजूने पाहू. आदल्या दिवशी रक्तगट जुळवणीसाठी नमुना द्यावा लागतो. रक्तपेढीत पिशवी आहे की नाही, याची धाकधूक असते. उन्हाळ्यात महाविद्यालये बंद झाली की रक्तदान रोडावते, आणि तेव्हा बाबा ओळखीपाळखीच्या माणसांना फोन करीत बसतात. प्रत्यक्ष दिवशी सकाळीच आई आजारी मुलाला घेऊन निघते. एक पिशवी चढायला तीन-चार तास लागतात; जाणे-येणे आणि प्रतीक्षा धरली की दिवस संपतो. निरोगी मूल शाळेतून शेजाऱ्यांकडे जाते, तेथेच जेवते, तेथेच गृहपाठ करते. दर तीन आठवड्यांनी एक दिवस म्हटला, तर वर्षाला सतरा दिवस होतात आणि दहा वर्षांत पावणेदोनशेच्या घरात जातात. त्यांतला एखादा दिवस स्नेहसंमेलनाचा असतो, एखादा वाढदिवसाचा. रक्ताचा दिवस पुढे ढकलता येत नाही, म्हणून दुसरेच काही तरी ढकलले जाते. ते कुणाचे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शिवाय या आजाराची एक विचित्र लय असते. पुढच्या रक्ताची वेळ जवळ आली की आजारी मूल थकलेले, चिडचिडे होते. रक्त चढले की दोन दिवसांत ते पुन्हा खेळू-भांडू लागते. तेव्हा निरोगी भावंडाला एक पंचांग शिकावे लागते: कोणत्या आठवड्यात दादाशी भांडता येते आणि कोणत्या आठवड्यात येत नाही. हे कुणी शिकवीत नाही. ते मूल आईच्या चेहऱ्यावरून ते शिकते.

समजूतदारपणाचे ओझे

मराठी घरांत अशा मुलासाठी एक हमखास विशेषण आहे: समजूतदार. ‘धाकटी फार समजूतदार आहे हो, कधी काही मागत नाही.’ पाहुणे हे कौतुकाने बोलतात, आई-वडील कृतज्ञतेने. परंतु सहा-सात वर्षांचे मूल काहीच मागत नाही, ही वस्तुतः विचारात पाडणारी गोष्ट आहे. या वयाचे मूल मागते, रुसते, आदळआपट करते. ज्याने हे सारे बंद केले आहे, त्याने घरातील परिस्थितीचा हिशेब मांडून आपला वाटा स्वतःच कमी केलेला असतो. समजूतदारपणा हा त्याचा स्वभाव असेलच असे नाही. पुष्कळदा ती त्याच्यावर न सांगता सोपविलेली कामगिरी असते. आणि एकदा ते विशेषण चिकटले की त्याला साजेसे वागावे लागते. परीक्षेत गुण कमी पडले, पोटात दुखले, शाळेत कुणी छळले, तरी ते घरी सांगायचे नाही. कारण त्या दुखण्याची तुलना नेहमी मोठ्या दुखण्याशी होणार असते.

डोनाल्ड शार्प आणि लुसिल रॉसिटर या संशोधकांनी २००२ साली दीर्घ आजारी मुलांच्या भावंडांविषयीच्या ५१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. निष्कर्ष भयंकर नव्हता, पण स्पष्ट होता. अशा भावंडांवर काहीसा प्रतिकूल परिणाम होतो, आणि ज्या आजारांत दैनंदिन उपचार घरच्या दिनक्रमात शिरतात, तेथे तो अधिक दिसतो. थॅलसेमिया नेमका याच वर्गातला आहे. या विश्लेषणातील आणखी एक बाब लक्षणीय आहे. पालकांनी दिलेल्या उत्तरांत परिणाम जितका वाईट दिसला, तितका तो मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत दिसला नाही. याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येईल. पालक अपराधी भावनेने अधिक काळे चित्र रंगवीत असतील; किंवा मुले ‘मी ठीक आहे’ हे उत्तर देण्यात तरबेज झाली असतील. मला दुसरी शक्यता दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही.

वयाप्रमाणे या मुलांच्या मनातील प्रश्न बदलतात, आणि मोठी माणसे बहुधा न विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देत बसतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला वाटते की आजार संसर्गाने होतो, किंवा भांडणात आपण ‘तू मर’ म्हटले म्हणून तो झाला. हे ते बोलून दाखवीत नाही. त्याला इतके सांगितले तरी पुरते की हा आजार दादाच्या रक्तात जन्मापासून आहे, तो खेळल्याने किंवा उष्टे खाल्ल्याने होत नाही आणि कुणाच्या बोलण्यानेही होत नाही. आठ-दहा वर्षांचे मूल न्याय-अन्याय मोजते: त्याला मोबाईल, त्याला नवे खेळणे, त्याला रागावणे नाही. येथे समजूत घालण्यापेक्षा घराचे नियम दोघांना शक्य तितके सारखे ठेवणे उपयोगी पडते. थॅलसेमियाच्या मुलाने आपले ताट उचलू नये, असे कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलेले नाही. नियमित उपचार मिळणारे मूल शाळेत जाते, अभ्यास करते, खेळते. त्याला सर्वच बाबतींत सूट देणे त्याच्याही हिताचे नाही. पौगंडावस्थेत मात्र प्रश्न गंभीर होतात: भाऊ किती जगणार, आई-वडिलांनंतर त्याचे कोण करणार, आणि माझ्या लग्नाचे काय?

हा शेवटचा प्रश्न केवळ सामाजिक नाही, वैद्यकीयही आहे. वाहक आई-वडिलांच्या पोटी निरोगी जन्मलेल्या मुलांपैकी सरासरी तीनांत दोघे स्वतः वाहक असतात. वर दिलेले प्रमाण पुन्हा पाहिले की हे लक्षात येईल. बाधित मूल वगळले की उरलेल्या तीन भागांपैकी दोन भाग वाहकांचे आहेत. वाहक असणे हा आजार नव्हे. त्याला रक्त लागत नाही, औषध लागत नाही, तो रक्तदान करू शकतो, इतकेच नव्हे तर भावंडाला अस्थिमज्जाही देऊ शकतो. त्याला एकच गोष्ट कळायला हवी: जोडीदारही वाहक असेल, तर मुलांच्या बाबतीत आधीच सल्ला घ्यावा लागेल. हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण दाखविणारी साधी रक्ततपासणी यासाठी बहुधा पुरेशी असते. तरीही पुष्कळ घरांत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, ही तपासणी झाली तरी निकाल मुलीला सांगितला जात नाही. स्थळ हातचे जाईल, ही भीती असते. परिणामी जिने सारे बालपण या आजाराच्या शेजारी घालविले, तीच मुलगी स्वतःविषयी अनभिज्ञ राहून संसार थाटते. लपविण्याने स्थळ टिकेल. जनुक काही लपत नाही.

दाता कोण?

आतापर्यंत वर्णिलेली स्थिती बहुतेक दीर्घ आजारांत कमी-अधिक फरकाने आढळते. थॅलसेमियाच्या घरात मात्र निरोगी भावंडाच्या वाट्याला एक वेगळीच भूमिका येते. हा आजार मुळापासून बरा करणारा प्रस्थापित मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, आणि त्यासाठी सर्वोत्तम दाता म्हणजे एचएलए जुळणारे सख्खे भावंड. एचएलए ही पेशींवरील ओळखचिन्हे होत. ती आईकडून अर्धी व वडिलांकडून अर्धी येतात, म्हणून कोणत्याही दोन सख्ख्या भावंडांची ती पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवूनही ही तपासणी करता येते. त्या बोळ्याने मुलाला यत्किंचित दुखत नाही. पण त्याच्या निकालाने घरातील त्याचे स्थान एका दिवसात बदलते.

अमेरिकेतील सिएटल येथे १९८१ साली थॅलसेमियासाठी पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. ते करणाऱ्या चमूचे प्रमुख ई. डोनॉल थॉमस यांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणातील कार्यासाठी १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इटलीतील पेझारो येथे ग्वीदो लुकारेली यांनी पुढे शेकडो मुलांवर हे उपचार करून कोणत्या मुलात धोका किती, याचे वर्गीकरण घालून दिले. लहान वयात, यकृत बिघडण्यापूर्वी आणि जुळणाऱ्या भावंडाकडून प्रत्यारोपण झाल्यास दहांपैकी जवळपास नऊ मुले आजारमुक्त होतात. उरलेल्या एकाचा उल्लेख टाळता येणार नाही. काही वेळा मज्जा रुजत नाही, काही वेळा दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला चढवितात, काही मुले दगावतात.

भारतात या उपचाराचा खर्च सामान्यतः १० लाख रुपयांच्या आसपास किंवा अधिक असतो. कोल इंडिया कंपनीने २०१७ पासून थॅलसेमिया बालसेवा योजना चालविली असून, पात्र मुलाच्या प्रत्यारोपणासाठी निवडक रुग्णालयांत १० लाख रुपयांपर्यंत साह्य दिले जाते. यासाठी जुळणारा नातलग दाता असावा लागतो. म्हणजे वैद्यकीय आशाच नव्हे, तर आर्थिक आशाही पुष्कळदा त्या निरोगी मुलाच्या गालावरून फिरलेल्या बोळ्यावर अवलंबून असते. तो निकाल ज्या घरात येतो, तेथील आजी-आजोबा, काका-आत्या त्या मुलाकडे नव्या नजरेने पाहू लागतात. ‘आता तूच दादाला वाचवणार’ हे वाक्य किती सहज बोलले जाते! सात वर्षांच्या मुलाच्या कानांना ते कसे ऐकू येत असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

दात्यासाठी प्रक्रिया अशी असते. पूर्ण भूल देऊन, कमरेच्या मागील बाजूच्या हाडांतून सुईने मज्जा काढली जाते. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ते २० मिलिलिटर इतके हे प्रमाण असते. कमरेत काही दिवस ठणक राहते, थोडा थकवा येतो. काढलेली मज्जा काही आठवड्यांत शरीर पुन्हा भरून काढते. मूत्रपिंडासारखा अवयव येथे कायमचा जात नाही. जोडी पिको यांच्या ‘माय सिस्टर्स कीपर’ या २००४ च्या कादंबरीत आणि २००९ च्या चित्रपटात धाकटी बहीण आई-वडिलांविरुद्ध न्यायालयात जाते ती मूत्रपिंडावरून. दोन्ही प्रकारची दाने एकच समजून घाबरणाऱ्या नातेवाइकांना हा फरक सांगावा लागतो. शारीरिक धोका खरोखर अल्प आहे. मात्र हे दान देणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराला कोणताही लाभ नाही आणि ‘नाही’ म्हणण्याचे त्याचे वय नाही, ही दोन सत्येही तितकीच पक्की आहेत.

अमेरिकी बालरोग अकादमीने २०१० साली याविषयी जे धोरण जाहीर केले, ते आपल्याकडील पालकांनीही वाचण्यासारखे आहे. तितकाच योग्य प्रौढ दाता उपलब्ध नसावा. दाता व रुग्ण यांच्यात जिव्हाळ्याचे नाते असावे. रुग्णाला लाभ होण्याची वाजवी शक्यता असावी. दात्याचे धोके शक्य तितके कमी केलेले असावेत. आणि पालकांच्या संमतीबरोबरच मुलाचा स्वतःचा होकारही घेतलेला असावा, अशा अटी त्यात आहेत. याखेरीज, रुग्णावर उपचार करणाऱ्या चमूबाहेरील एखादी व्यक्ती केवळ दात्याची बाजू पाहण्यासाठी असावी, अशी शिफारस आहे. कारण उघड आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष रुग्णाकडे असते, आई-वडिलांचेही तिकडेच असते; एकाच घरातील दोन मुलांच्या हिताचा निवाडा करताना दुसऱ्या मुलाच्या बाजूने बोलणारे कुणीच खोलीत नसते. आपल्या रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र पद नसले, तरी वैद्यकीय समाजसेवक, समुपदेशक किंवा नात्यातीलच एखादी समंजस मावशी किंवा काका हे काम करू शकतात. त्यांनी त्या मुलाला एकटे गाठून एवढेच विचारायचे: तुला काय सांगितले आहे, आणि तुला कशाची भीती वाटते?

दान झाल्यानंतर काय होते, यावर वेंडी पॅकमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक छोटा पण लक्षात राहणारा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्यारोपण झालेल्या मुलांची ४४ भावंडे त्यांनी तपासली; २१ दाते होती, २३ नव्हती. दात्यांमध्ये चिंता अधिक आणि आत्मविश्वास कमी आढळला. दाते नसलेल्या भावंडांत शाळेतील अडचणी अधिक दिसल्या. आणि दोन्ही गटांत सुमारे एक तृतीयांश मुलांत मोठ्या आघातानंतर येतात तशी लक्षणे मध्यम प्रमाणात होती. ज्याने जीव वाचविला त्याचा आत्मविश्वास वाढायला हवा, अशी आपली अपेक्षा असते. वस्तुस्थिती तशी नाही. तीन आठवडे सारे घर त्या मुलाभोवती फिरते, आणि मज्जा काढली त्या दुपारनंतर सर्वांचे लक्ष काचेपलीकडच्या खोलीकडे वळते. त्याच्या कमरेतील ठणक अद्याप थांबलेली नसते. जे जुळले नाही, त्याची गोष्ट आणखी निराळी. त्याला मनातून सुटल्यासारखे वाटते आणि सुटल्यासारखे वाटले म्हणून लाजही वाटते. शिवाय आई-बाबा दात्याला आणि रुग्णाला घेऊन तीन-चार महिने परगावी राहतात, तेव्हा आजोळी राहणारे मूल तेच असते. गोव्यातून प्रत्यारोपणासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची तर अशी फाटाफूट ठरलेलीच.

वर्तमानपत्रांचाही यात थोडा दोष आहे. रक्षाबंधन किंवा भाऊबीज आली की ‘बहिणीने भावाला दिली जीवदानाची ओवाळणी’ अशा बातम्या झळकतात. त्या खोट्या नसतात. पण पाच वर्षांच्या मुलीला ओवाळणी देणारी ठरविताना तिला या साऱ्यातले किती कळले होते, हे बातमीत नसते. आणि प्रत्यारोपण अयशस्वी झाले तर त्या मुलीची बातमी कुणीच छापत नाही. मज्जा रुजली नाही किंवा भाऊ गेला, तर दात्याच्या मनात पहिला विचार येतो तो ‘माझीच मज्जा वाईट होती’ हा. तो घालविण्याची वेळ नंतरची नसून आधीची आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच मुलाला साध्या शब्दांत सांगून ठेवावे: ‘तुझ्या हाडातला थोडा रस डॉक्टर काढणार आहेत. तू झोपलेला असशील. उठल्यावर कमरेत दुखेल, मग हळूहळू थांबेल. तो रस तुझ्या अंगात पुन्हा तयार होतो. दादाच्या अंगात तो रुजेल की नाही, हे डॉक्टरांनाही आधी कळत नाही. नाही रुजला, तर त्यात तुझा काहीच दोष नाही.’ एवढे सांगायला पाच मिनिटे लागतात. मात्र ते आईने किंवा बाबांनी सांगायला हवे, परिचारिकेने नव्हे.

आधीचे भावंड जुळत नसेल, तर ‘आणखी एक मूल होऊ द्या’ हा सल्ला आप्तेष्टांकडून हमखास मिळतो. नैसर्गिक गर्भधारणेत ते मूल आजारमुक्तही असावे आणि जुळणारेही असावे, याची शक्यता सोळांत तीन, म्हणजे १९ टक्क्यांहूनही कमी असते. थॅलसेमियाचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आणि एचएलए ६ व्या गुणसूत्रावर असल्याने दोन्ही निकाल स्वतंत्रपणे लागतात. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तपासून, योग्य तोच गर्भाशयात सोडण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. अहमदाबादमधील एका कुटुंबात २०१८ साली अशी मुलगी जन्माला आली आणि मार्च २०२० मध्ये, ती दीड वर्षाची असताना, तिची मज्जा तिच्या सात वर्षांच्या भावाला देण्यात आली. त्याआधी तिचे वजन पुरेसे वाढण्याची वाट पाहिली गेली. भाऊ रक्तापासून मुक्त झाला. यावर देशभर चर्चा झाली; एका मुलासाठी दुसरे मूल ‘बनवावे’ का, हा प्रश्न विचारला गेला. त्या आई-वडिलांना दोष देण्याचा अधिकार दर तीन आठवड्यांनी रक्ताच्या पिशवीसाठी न धावलेल्या माणसाला आहे, असे वाटत नाही. मात्र ती मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की ‘तुला का जन्म दिला’ हे तिला कुणाकडून तरी कळणारच. ते शेजाऱ्यांकडून कळण्याआधी घरातून कळावे, एवढे म्हणता येते. दरम्यान अर्धी जुळणारी मज्जा वापरून आई किंवा वडिलांकडूनही प्रत्यारोपण करण्याची पद्धत प्रगत होत आहे, आणि नोंदणीकृत त्रयस्थ दात्यांच्या याद्याही वाढत आहेत. भावंड हा एकमेव आधार उरणार नाही, ही भावंडांच्या दृष्टीनेही चांगली गोष्ट आहे.

प्रत्यारोपण प्रत्येकाचे होत नाही. बहुसंख्य मुले रक्त आणि गोळ्या यांवरच मोठी होतात, आणि उपचार नीट मिळाले तर शिकतात, नोकरी करतात, चाळिशी-पन्नाशी गाठतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलसेमियाचा समावेश झाल्याने त्यांना प्रमाणपत्र व काही सवलतींचा मार्ग खुला झाला आहे. आयुर्मान वाढले, त्याबरोबर भावंडांच्या जबाबदारीची मुदतही वाढली. आई-वडील थकतात तेव्हा रक्तपेढीला फोन करणे, सोबत जाणे, औषधांचा खर्च पेलणे हे काम भावंडाकडे येते, आणि बहुतेक घरांत ते कुणीही कधी विचारल्याशिवायच येते. जे भावंड परदेशी नोकरी घेते, त्याला ‘सोडून गेला’ असे ऐकावे लागते. जे घरी राहते, त्याने काय सोडले हे कुणी मोजत नाही. वयात आलेल्या दोन्ही मुलांना समोर बसवून हा विषय काढणे पालकांना जड जाते. पण आजारी मुलाला स्वतःची औषधे, तारखा आणि अहवाल स्वतः सांभाळण्याची सवय चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून लावली, तर भावंडाचा भार पुष्कळ हलका होतो, आणि दोघांत दाता-आश्रित हे नाते न राहता भावंडांचे नाते शिल्लक राहते.

हैदराबादमध्ये या साऱ्या कड्या एकाच शहरात आहेत: शिवरामपल्लीचे रक्तकेंद्र, पंजागुट्टा येथील निम्स रुग्णालय, आणि जनुकीय निदानासाठी उप्पल येथील डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्र. वाहक जोडप्याला गर्भारपणाच्या १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करून घेता येते. गोव्यातील कुटुंबांना प्राथमिक वाहक-तपासणीसाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. बांबोळीच्या गोमेकॉत किंवा आपल्या डॉक्टरांकडे त्याची चौकशी करता येते. ती चौकशी करताना आजारी मुलाबरोबर त्याच्या भावंडालाही न्यावे, निकाल त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत त्यालाही सांगावा, आणि परतताना त्याला हवे तेथे थांबून हवे ते खाऊ घालावे. त्या दिवशी दादाची तारीख नसावी.